पुड्यांचं पोतं

झेबा मॅडमनं पहिल्याच दिवशी फळ्यावर जिना काढला, तेव्हा अकरावीच्या पोरांना वाटलं, बाई चुकून जीवशास्त्राऐवजी भूमिती शिकवायला आली. सहा पायऱ्या होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर तिनं लिहिलं, आठवणं. त्यावर समजणं, वापरणं, उकलणं, तोलणं, आणि अगदी वर, जिथं तिचा हातसुद्धा धड पोचत नव्हता तिथं टाचा उंचावून लिहिलं, नवं घडवणं.

"हा डोक्याचा जिना," झेबा म्हणाली. "आपण सगळे खालच्या पायरीवर सतरंजी टाकून झोपलोय. या वर्षी वर चढायचं."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, वर काय हाये?"

"वर हवा येते," झेबा म्हणाली. वर्ग हसला आणि जिना तिथून पुढं तिच्या नावालाच चिकटला. पोरं तिला पाठीमागे 'जिनेवाल्या मॅडम' म्हणू लागली.

ही झेबा म्हणजे संग्रामपूरच्या बाजाररस्त्यावर 'नूर कृषी केंद्र' चालवणाऱ्या फकीर मोहम्मदची थोरली पोरगी. बुलढाण्याला बी.एस्सी. केलं, तिथंच बी.एड. केलं आणि गावातल्याच कॉलेजात नोकरीला लागली. नव्या सुनेला माहेरून आणलेल्या कुकरचं जेवढं कौतुक असतं, तेवढं तिला त्या जिन्याचं होतं. बी.एड.च्या प्राध्यापकांनी सांगितलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की पोराला नुसती व्याख्या विचारली तर त्याचं डोकं नाही, त्याची जीभ तपासली जाते.

आणि संग्रामपूरच्या पोरांच्या जिभा काय वर्णाव्या! व्याख्या विचारा, अशी घडाघडा येणार की मध्ये स्वल्पविरामाला जागा नाही. त्यातही हर्षल नावाचा एक पोरगा होता. दहावीपर्यंत कधी पहिला नंबर सोडला नाही. पुस्तकात छपाईची चूक असली तर ती चूकसुद्धा त्याला पाठ. पण पहिल्या चाचणीत झेबानं विचारलं, चण्याची डाळ साध्या पाण्यात टम्म फुगते, मिठाच्या पाण्यात कमी फुगते, असं का? हर्षलनं परासरणाची व्याख्या दोनदा लिहिली. एकदा साधी आणि एकदा खाली रेघ मारून. दुसऱ्या एकानं लिहिलं, 'कारण तसा निसर्गाचा नियम आहे.' तिसऱ्यानं तर कमालच केली, 'आमच्या घरी डाळ नेहमी फुगते.' आता बोला! बिचाऱ्याच्या आईच्या हाताला झेबा शून्य मार्क कशी देणार?

एक राखी तेवढी जरा वेगळी निघाली. जवळच्याच खेड्यातल्या निवृत्तीभाऊंची पोरगी, रोज एस.टी.नं यायची. व्याख्येत मार खायची, पण 'का' विचारलं की तिचे डोळे चमकायचे. डाळीच्या प्रश्नावर तिनं लिहिलं होतं, 'लोणच्याच्या फोडीले मीठ लावलं की पाणी सुटते, तसंच हे. मीठ बाहेर असलं की पाणी आत जाईन कायले?' झेबाला तो कागद वाचून एवढा आनंद झाला की तिनं स्टाफरूममध्ये तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. भूगोलाच्या सरांनी विचारलं, "पण परासरण हा शब्द कुठं आहे?"

असा सगळा खेळ चाललेला असताना जानेवारी उजाडला आणि प्राचार्य मोतीराम सरांनी झेबाला बोलावलं.

"मॅडम, बुलढाण्याला आठवड्याचं विज्ञान शिबिर आहे. प्रत्येक कॉलेजातून एकच विद्यार्थी. राहणं, खाणं, मोठी प्रयोगशाळा, सगळं. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत जीवशास्त्राला जो पहिला, तो जाईल. आणि आपली पद्धत माहीत आहे ना? पहिल्या नंबरचा पेपर बाहेर पेटीत लावायचा. पालकांना आवडते."

पद्धत झेबाला चांगलीच माहीत होती. व्हरांड्यात काचेची पेटी होती, तिच्यात पहिल्या नंबरची उत्तरपत्रिका आठवडाभर टांगलेली असे. बाजारच्या दिवशी आलेले आईबाप पिशव्या खाली ठेवून ती वाचत, वाचता येत नसलं तरी अक्षराचं कौतुक करत. झेबाचा स्वतःचा पेपर कधीकाळी तिथं लागला होता, तेव्हा अब्बानं अख्ख्या बाजाराला चहा पाजला होता.

मग काय, झेबानं कंबर कसली. असा पेपर काढायचा की एकेका प्रश्नासरशी पोर एकेक पायरी चढलं पाहिजे. आणि शेवटच्या प्रश्नावर तर ती स्वतःच खूश झाली. त्या वर्षी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या पिकाचं, काय झालं होतं ते साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. अळीला मारणारी बीटी कपाशी आली तेव्हा लोक म्हणाले होते, आता बोंडअळीचा बाजार उठला. बरीच वर्षं उठलाही होता. पण यंदा दिवाळीनंतर बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निवांत बसलेली. कापूस काळा, सरकी पोकळ. कितीतरी लोकांनी उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली. राखीच्या बापानंही सोडली होती.

म्हणून झेबानं प्रश्न काढला: 'बीटी कपाशीच्या थैलीसोबत साध्या, बिगर-बीटी बियाण्याची एक छोटी पुडी मिळते. ती कशासाठी असते? तुमच्या गावात तिचं काय होतं? यंदाच्या बोंडअळीशी त्याचा काही संबंध असेल का? तुमचं मत कारणांसह लिहा.'

एकाच प्रश्नात सगळा जिना! तिनं स्वतःच्याच पाठीवर शाबासकी दिली.

*

पेपर तपासायला ती रविवारी घराच्या अंगणात बसली. शेजारी तिची अम्मी बानो ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होती. पहिला पेपर, दुसरा पेपर, सगळं ठीक चाललेलं. मग शेवटचा प्रश्न आला आणि झेबा थबकली. हर्षलनं लिहिलं होतं, 'आमच्या गावातील सर्व शेतकरी सदर पुडी शेताच्या कडेने पेरतात.' पुढच्यानंही तेच. त्याच्या पुढचीनंही तेच. कोणी 'सदर' लिहिलं, कोणी नाही, एवढाच काय तो फरक.

"अम्मी, आपला तालुका इतका गुणाचा कधीपासून झाला?" झेबा म्हणाली. "सगळ्यांनी पुड्या पेरल्या म्हणे!"

अम्मीनं हातातली शेंग तशीच धरली, झेबाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा सोलायला लागली. "पेरल्या असतीन बापा," एवढंच म्हणाली. अम्मी एरवी एवढ्यावर थांबणारी बाई नव्हती. झेबाच्या हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण मॅडमचं डोकं वरच्या पायरीवर हवा खात होतं.

मग राखीचा पेपर हातात आला.

'पुडी कशासाठी ते पुस्तकात आहे. बीटीच्या झाडावर साधी अळी मरते, एखादी निब्बर अळी जगते. शेजारी साधी झाडं असली तर तिथं साध्या अळ्या जगतात, त्यांची पाखरं त्या निब्बर पाखरांशी जोडी करतात आणि पिल्लं पुन्हा बीटीनं मरणारी होतात. पण आमच्या गावात ती पुडी कोणीच पेरत नाही. संग्रामपूरला एका दुकानात एक मोठं पोतं आहे. लोक थैली घेतात आणि पुडी त्या पोत्यात टाकतात. दुकानदार काका भले माणूस आहेत. ते म्हणतात, कायले ओझं नेता, टाका इथीच. मग सगळे त्याच पोत्यावर बसून चहा पितात. मीपण बसली आहे, मऊ लागते. एका पोत्यामुळे एवढी अळी आली असं मी म्हणणार नाही. पण अशी पोती किती गावांत असतील? माझ्या मते यात थोडी चूक माझीपण आहे. मले पुडीची माहिती पाठ होती, पण मी बाबाले कधी सांगितली नाही. ती मले फक्त पेपरात लिहायची वस्तू वाटली.'

झेबाचा लाल पेन कागदावर टेकलेला तसाच राहिला आणि तिथं एक ठिपका मोठा होत गेला.

ते पोतं! दुकानात शिरल्यावर उजव्या हाताला, भिंतीला टेकून ठेवलेलं. येणाऱ्याला अब्बा म्हणायचे, 'बस ना बापा, पोत्यावर बस.' पोतं भरलं की वरच्या थोड्या पुड्या फेकून द्यायचे, पोतं तिथंच. लहानपणापासून ती ते बघत होती. अरे, बघत काय होती, बसत होती! बी.एड.च्या सुट्टीत या सहा पायऱ्यांचं टिपण तिनं त्याच पोत्यावर बसून काढलं होतं. पेपर काढताना तिला सगळा तालुका दिसला, अळी दिसली, पुडी दिसली. स्वतःच्या बुडाखालचं पोतं तेवढं दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

आणि आता? बेरीज तर सरळ होती. राखीला या उत्तराचे पैकीच्या पैकी दिले की ती पहिली, हर्षल दुसरा. राखी बुलढाण्याला जाणार आणि तिचा पेपर काचेच्या पेटीत लागणार. बाजारच्या दिवशी निम्मा तालुका तो वाचणार. नाव लिहिलेलं नव्हतं, पण 'कायले ओझं नेता, टाका इथीच' हे कोणाचं, ते सांगायला नाव कशाला हवं? आधीच लोक अळीनं होरपळलेले. कुणीतरी म्हणणारच, हे बघा, हा तो माणूस. अब्बानं सचोटीवर उभं केलेलं दुकान होतं ते. खराब बियाणं निघालं तर स्वतः शेतकऱ्यासोबत तालुक्याच्या कार्यालयात जाऊन उभा राहणारा माणूस.

तिनं मनात म्हटलं, विषयाला सोडून लिहिलंय असं म्हणून दोन मार्क कापले तर? कुणाला कळणार होतं? व्याख्येचा शब्दही धड नाही. भूगोलाच्या सरांनी तर कापलेच असते. हर्षल जाईल, हर्षलही गुणी पोरगा आहे. तिनं पेन उचलला, ठेवला, उचलला. मग सगळे पेपर बांधून आत नेऊन ठेवले. तिची तिलाच लाज वाटली.

*

सोमवारी तास संपल्यावर तिनं हर्षलला थांबवून घेतलं.

"हर्षल, खरं सांग. तुमच्या गावात सगळे पुडी पेरतात?"

हर्षल चुळबुळला. "पुस्तकात तसं आहे मॅडम."

"पुस्तकाचं नाही, गावाचं विचारतेय."

"नाही पेरत," हर्षल खाली बघून म्हणाला. "आमचीबी पोत्यातच टाकतो."

"मग लिहिलं का नाहीस?"

"मॅडम, मले सारं माहीत होतं. सगळ्यायले माहीत होतं. पेपर हाती आला तवा सारे एकमेकायकडे पाहूनच राह्यले." त्यानं हिय्या केला. "पन थे पोतं तुमच्या घरचं हाये. लिव्हलं असतं तं तुमाले वाईट वाटलं असतं. म्हून पुस्तकातलं लिव्हलं."

झेबानं रिकाम्या बाकांकडे पाहिलं. एवढा मोठा वर्ग! याच पोरांना आपण म्हणत होतो की यांना विचार करता येत नाही. यांनी तर प्रश्न वाचला, समजून घेतला, उकलला, तोलला आणि सगळं करून मॅडमचं मन जपायचं ठरवलं. सगळ्या वर्गानं तिची लाज राखली होती. तिचा प्रश्न राखला होता एकट्या राखीनं.

"जा," ती हर्षलला म्हणाली. "आणि पुढच्या वेळी मला वाईट वाटू दे."

त्याच दुपारी तिनं राखीच्या उत्तराला पैकीच्या पैकी दिले. आकडा स्वच्छ आला.

*

राखीचा पेपर पेटीत लागण्याआधी अब्बानं तो वाचावा, बाजारातून त्यांच्या कानावर येऊ नये, एवढं तरी आपण करायला हवं, असं तिला वाटलं. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फकीर मोहम्मद काउंटरमागे चष्मा पुसत बसले होते. झेबानं पेपर समोर ठेवला आणि सवयीनं पोत्यावर बसायला गेली, ती चटका बसल्यासारखी उभीच राहिली.

अब्बा ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. वाचून झालं, चष्मा कपाळावर गेला, आणि जी गाडी सुटली!

"म्हंजे माह्या पोत्यानं अळी आणली? मंग दुष्काळही माह्याच पोत्यानं आणला असंन! रेल्वे नाही आपल्या संग्रामपुरात, थेही या पोत्यानंच अडवली काय? अन् तू काय केलं? पैकीच्या पैकी! वा रे बेटा, वा. बापाच्या इज्जतीवर मार्क वाटून राह्यली."

"उद्या हा पेपर पेटीत लागेल अब्बा. आधी तुम्हाला दाखवला."

"अन् नाही लावला तं?"

"तर हर्षल जाईल बुलढाण्याला."

"हर्षल चांगला पोट्टा हाये. सलाम करते मले रोज."

"चांगलाच आहे," झेबा म्हणाली.  "पण त्यानं माझ्यासाठी खोटं लिहिलं अब्बा. सगळ्यांनी लिहिलं. मी त्यांना सहा महिने ओरडतेय, की स्वतःच्या डोळ्यांनी बघा, स्वतःच्या डोक्यानं तोला. एकीनं ऐकलं. तिला मी कोणत्या तोंडानं दुसरी ठरवू?"

अब्बानं पेपर परत ओढला, परत पहिल्या ओळीपासून बोट फिरवलं. बाहेर एस.टी. येऊन गेली. मग त्यांनी पेपर खाली ठेवला, डोळे मिटले आणि शाळेतल्या पोरासारखं घडाघडा म्हणायला लागले.

"बीटी वाणाच्या सभोवती बिगर-बीटी वाणाच्या ओळी लावाव्यात, जेणेकरून बोंडअळीमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास विलंब होईल."

"हे तुम्हाला पाठ आहे?" झेबानं विचारलं.

"खामगावले मीटिंग झाली होती दुकानदारायची," अब्बा म्हणाले. "बीटी आली त्या पहिल्याच साली. मोठ्ठं हॉटेल, जिलेबी, मठ्ठा. साहेबानं सांगतलं, म्या पाठ केलं. कोनी तपासाले आला तं घडाघडा म्हणून दाखवतो. साहेब खूश होऊन जाते. पण विलंब होईल म्हंजे काय होईल, हे म्या कधी विचारलं नाही. कोनाले विलंब? कायचा विलंब? तू सांग मले."

मग झेबानं सांगितलं. पुस्तकातलं एक अक्षर न वापरता. "हजार अळ्यांत एखादी निब्बर असते अब्बा. बीटी पचवणारी. बाकीच्या मरतात. मग ती कोणाशी लगीन लावणार? शेजारी साधी झाडं असतील तर साधं स्थळ मिळतं, लेकरं साधी होतात, बीटीनं मरतात. साधी झाडंच नसतील, तर निब्बराचं लगीन निब्बराशीच."

"अन् मंग सारं खानदान निब्बर," अब्बा हळूच म्हणाले.

"हो."

"म्हंजे थे पुडी रिश्ता लावाले होती," अब्बा म्हणाले, "अन् म्या साऱ्या तालुक्याचे नवरदेव पोत्यात भरून ठेवले!"

झेबाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. अब्बा मात्र हसले नाहीत. पोत्याकडे बघत म्हणाले, "तुह्या त्या जिन्याची पहिली पायरी कोणती?"

"आठवणं."

"तिच्यावरच बसून राह्यलो म्या इतके साल," ते म्हणाले. "पोतं टाकून."

मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं. पेपरवर बोट आपटत म्हणाले, "पण हे उत्तर अर्धं हाये. 'एका दुकानात' म्हंजे? बाजारात चार दुकानं हायेत. दुसऱ्याच कोण्या भल्या माणसावर आळ गेला तं? नाव लिव्हाले काय झालं होतं पोट्टीले?"

"अब्बा, तिनं तुमची इज्जत ठेवली."

"इज्जत मी माही ठेवीन," फकीर मोहम्मद म्हणाले आणि दुकानाचं शटर ओढलं.

*

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पेपर पेटीत लागला, गर्दी जमली. राखी एका खांबाआड उभी होती, पहिला नंबर आल्याचा आनंद करावा की पळून जावं हे तिला कळत नव्हतं. तिचा बाप निवृत्तीभाऊ हातातली वांग्यांची पिशवी सावरत पेपर वाचत होता आणि वाचता वाचता त्याचे कान लाल होत होते. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. कुणी हसत होतं. एकजण म्हणाला, "मले तं वाटते हे दुकान..."

"माहंच हाये बे!" मागून आवाज आला.

मोपेडवर पुढे पोतं आणि मागे फकीर मोहम्मद. गर्दी बाजूला झाली. त्यांनी पोतं उतरवलं, ओढत आणलं आणि पेटीच्या बरोबर खाली उभं केलं. काही पुड्या घरंगळून व्हरांडाभर पसरल्या.

"नूर कृषी केंद्र," ते मोठ्यानं म्हणाले. "या पोरीनं नाव लिव्हलं नाही, म्हून सांगाले आलो. टाका म्हणणारा मी, टाकणारे तुम्ही. अन् बसणारे आपण सारे."

 मग निवृत्तीभाऊ पुढं झाला, खाली वाकला आणि सांडलेल्या पुड्या गोळा करून पोत्यात भरू लागला. "यात माह्याबी हायेत फकीरभाई," तो म्हणाला. "जास्तच असतीन."

झेबा स्टाफरूमच्या दारात उभी होती. तिला वाटलं, धावत जावं आणि बापाचा हात धरावा. पण अब्बा तिच्याकडे बघतच नव्हते. ते खांबाकडे बघत होते.

"ये इकडे पोरी. काऊन लिव्हलं नाही माहं नाव? भेली काय मले?"

राखी पुढं आली. आवाज जेमतेम निघाला. "नाही काका. तुम्ही मले दर वेळी बिस्कीट देता. म्हून."

सगळा व्हरांडा हसला. अब्बाचीही मिशी हलली. "मंग आजपासून बिस्कीट बंद," ते म्हणाले. "अन् बुलढाण्यावरून आली की मले सांगजो, मोठ्या दुर्बिणीत अळीचं तोंड कसं दिसते. लय दिवसाची ओयख हाये, पण तोंड पाह्यलं नाही कधी."

झेबा म्हणाली, "अब्बा, त्याला सूक्ष्मदर्शक म्हणतात."

"हे घ्या," फकीर मोहम्मद गर्दीला म्हणाले, "आली पहिल्या पायरीवर!"

पोतं कॉलेजातच राहिलं. राखी बुलढाण्याला गेली, आली. मग तिनं आणि हर्षलनं मिळून मागच्या अंगणात त्यातल्या पुड्या वर्षावार लावून उगवण तपासली. जुन्या पुड्यांतलं काहीच उगवलं नाही, अलीकडच्या थोड्या उगवल्या. हर्षलनं प्रयोगाच्या शेवटी पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत एक ओळ लिहिली, 'हे बी फेकल्यावर वाट पाहत नाही.' झेबानं त्याखाली रेघ मारली. ती रेघ चुकीसाठी नव्हती.

*

जून आला. लोक हिशोब, भांडणं, अळी सगळं काखोटीला मारून पुन्हा बियाण्याला आले. येणार नाही तर जाणार कुठं? नूर कृषी केंद्रात मात्र नवाच छळवाद सुरू झाला होता. थैली हातात देण्याआधी फकीर मोहम्मद पुडी वर धरत आणि विचारत, "हे कायले?"

"मले काय मालूम? दे ना लवकर."

"सांगतल्याशिवाय भेटणार नाही."

दोन-चार गिऱ्हाईकं चिडून शेजारच्या दुकानात गेली. अम्मीनं घरी डोकं धरलं. पण बाकीचे थांबले, कारण मागच्या साली उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडताना जे वाटलं होतं, ते कोणी विसरलं नव्हतं. 'कंपनी देते म्हून' असं उत्तर आलं की नापास, रांगेत मागे. 'कडेनं लावाले' असं आलं की अब्बा म्हणत, "पहिली पायरी पास. आता सांग, काऊन?" रांगेतले मागचे पुढच्याला हळूच उत्तर सांगत, मग अब्बा ओरडत, "कापी नाही कराची बे!"

कॉलेज सुटल्यावर झेबा तिथं आली, तेव्हा निवृत्तीभाऊची पाळी होती. शेजारी राखी, ओठ घट्ट मिटून, बापाला एक अक्षर सांगायचं नाही अशी शपथ घेतल्यासारखी.

"निवृत्ती, हे कायले?"

"अळीचं लगन लावाले," निवृत्तीभाऊ म्हणाला.

"कोनासंगं?"

"साध्यासंगं. निब्बराले निब्बर भेटू द्याचा नाही."

"अन् नाही लावली तं?"

निवृत्तीभाऊ हसत होता, तो थांबला. "तं मांगच्या सालावानी," तो म्हणाला. "गुरं सोडाची."

अब्बानं थैली त्याच्या हातात दिली. पुडी मात्र वेगळी, राखीच्या ओंजळीत ठेवली आणि तिची बोटं वरून मिटली. मग झेबाकडे वळून म्हणाले, "मॅडम, मले किती मार्क?"

 झेबानं नुसती मान डोलावली आणि तोंड फिरवून दुकानभर बघितलं. चहा आला होता, पोऱ्या पेले वाटत होता. आणि सगळे उभ्यानंच पीत होते, कारण नूर कृषी केंद्रात बसायला आता काही उरलं नव्हतं.